जग बुडायच्या दिवशी बाबांनी टाकलेली सुट्टी

मोठी आई ऑटोतून उतरली तेव्हा तिच्यासोबत गुंडाळलेली गादी होती, लोणच्याची बरणी होती आणि शिलाई मशीन होतं. सेक्टर दहामधल्या आमच्या क्वार्टरसमोर ते मशीन उतरवताना ऑटोवाला कुरकुरत होता आणि ती त्याला बजावत होती, "आराम से रे बाबा, टूट जाएगा." त्याच आठवड्यात सगळं जगच तुटणार आहे अशी तिची पक्की खात्री होती, हे आम्हाला तिनं पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं.

मोठी आई म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. आम्ही विदर्भातून भिलाईत आलेली माणसं. आमच्यात थोरल्या मावशीला मोठी आईच म्हणतात. मोठे बाबा रेल्वेत होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि ती भिलाईतल्याच कॅम्प वन या वस्तीत मुलगा-सुनेजवळ राहायची. अंगानं लहानखुरी, आवाजानं मोठी. स्वयंपाक करताना, भांडताना आणि रडतानाही आवाज तोच.

"शुक्रवारी जग बुडून राहिलं," ती म्हणाली. "मराचंच हाय तं बहिनीच्या घरी मरीन म्हटलं."

आईनं तिच्या हातातला पेला घेतला आणि मशीनकडे पाहिलं. "मंग हे मशीन कावून आनलं वो बाई?"

"तिकडं ठेवलं असतं तं सुनेनं घेतलं असतं ना."

बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर तसाच तोंडासमोर राहिला, पण तो थरथरताना मला दिसला. ते हसत होते की रागावले होते ते कळत नव्हतं. दोन्हीही असेल.

त्या हिवाळ्यात एका चॅनेलवर रोज संध्याकाळी तो कार्यक्रम लागायचा. पडद्यावर एक लालभडक गोळा पृथ्वीकडे यायचा, मागून धडधड वाजायचं, आणि कोपऱ्यात एक घड्याळ उलटं धावायचं. मग कपाळावर गंध लावलेला एक माणूस आणि कोट घातलेला एक माणूस समोरासमोर बसायचे. गंधवाला म्हणायचा की शुक्रवारी दुपारी सर्वनाश आहे. कोटवाला म्हणायचा की शक्यता नाकारता येत नाही. मध्येच जाहिरात लागायची आणि एक बाई केस मोकळे सोडून हसायची.

त्या संध्याकाळी मोठ्या आईनं आम्हाला सगळ्यांना समोर बसवून तो कार्यक्रम दाखवला. बाबांनी पहिल्याच जाहिरातीला तिला पकडलं.

"बाई, जग बुडनार हाय तं हे केसाचं तेल कोनाले विकून राहिले?"

"मरतानी केस चांगले नोको का मानसाचे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा दुर्गच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होते, विषय रसायनशास्त्र. त्यामुळे आकाशातल्या, जमिनीतल्या आणि फ्रिजमधल्या सगळ्या बिघाडांवर माझं मत घेतलं जायचं. मी मोठ्या आईला शांतपणे समजावलं की एवढा मोठा ग्रह जवळ आला असता तर तो एव्हाना नुसत्या डोळ्यांनी दिसला असता.

"भिलाईत आकाशात काय दिसते वो पोरी?" ती म्हणाली. "चंद्र दिसते तोही लाल. धूर हाय ना सारा."

यावर बाबांनीही मान डोलावली, कारण त्यांची सारी नोकरी त्या धुराखालीच चालली होती.

बाबा पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, गॅस सेफ्टीत होते. भट्टीच्या गॅसमध्ये एक वायू असतो, त्याला ना रंग ना वास. माणूस बोलता बोलता गळून पडतो आणि आपण का पडलो हे त्याला कळतही नाही. तो वायू कुठे गळतो आहे का, हे हातातल्या यंत्रावर पाहत फिरायचं आणि नव्या माणसांना शिकवायचं, की धोक्याचा भोंगा झाला की काय करायचं, वारा कसा पाहायचा, कुठे चालत जायचं. थोडक्यात, न दिसणाऱ्या संकटावर लोकांचा विश्वास बसवणं हाच बाबांचा धंदा होता. आणि घरी ते कशावर म्हणून विश्वास ठेवायचे नाहीत. ग्रहण लागलं की मुद्दाम त्या वेळी जेवायला बसायचे, वर आईला आणखी एक पोळी मागायचे.

त्याला कारण होतं. आमचं घर धम्मदीक्षा घेतलेलं. त्याआधी गावात साथ आली की पंच ठरवायचे, देवी कोपली आहे. आणि कोपलेल्या देवीचं गाडं गावाच्या शिवेबाहेर ओढून न्यायला माझ्या पणजोबांना बोलावलं जायचं. साथ त्यांच्या अंगावर गेली तरी चालायचं. हे बाबांनी त्यांच्या बापाकडून ऐकलं होतं आणि ते कधी विसरले नाहीत. "ज्यानं ज्यानं संकट सांगतलं, त्यानं त्यानं आपल्यालेच कामाले लावलं," ते म्हणायचे. त्यामुळे कुणी जग बुडणार म्हटलं की त्यांना भीती वाटायच्या आधी राग यायचा.

"बाई, तुम्हीही दीक्षेच्या घरच्या. तुमाले शोभते का हे?" त्यांनी त्या संध्याकाळी विचारलं.

"मी देवाले कुठं मानून राहिली? मी टीव्हीले मानते."

"त्या गंधवाल्याचं ऐकता ना पन!"

"गंधवाल्याचं नाई ऐकत. कोटवाला म्हनून राहिला की नाकारता येत नाई. तुम्ही नाकारून दाखवा."

बाबा उठून बाहेर गेले.

शुक्रवारपर्यंत आमच्या घरात तीन पक्ष झाले. मोठी आई बुडण्याच्या बाजूची, बाबा न बुडण्याच्या. आई कोणत्याच बाजूची नव्हती. ती नळ आला की बादल्या, पाण्याचे पितळी गुंड, डबे, लग्नात मिळालेलं मोठं घंगाळ, सगळं भरून ठेवायची. बाबा विचारायचे, "तूही मानते का?" ती म्हणायची, "मी कुठं मानून राहिली? पानी भरून ठेवल्यानं कोनाचं काय बिघडते?" तिनं कणीकही जास्त दळून आणली. जग राहिलं तर लागेलच, असा तिचा हिशोब. मला वाटतं भिलाईतली बहुतेक माणसं आईच्याच पक्षात होती. आमच्या वरच्या मजल्यावर एक साहेब राहायचे. ते जिन्यात भेटले की त्या ग्रहावर हिंदीत विनोद करायचे आणि त्याच तोंडानं सांगायचे की स्कूटरची टाकी फुल करून आणली आहे, ऐसे ही.

मी स्वतः बाबांच्या पक्षाची होते, छाती पुढे काढून. फक्त त्या आठवड्यात मी अभ्यासातला नवा धडा सुरू केला नाही. तो धडा फार लांब होता आणि अवघड होता. समजा, अगदी समजाच, काही झालं, तर शेवटचे दिवस त्यात का घालवायचे, असं मला वाटायचं. हा विचार मी पुस्तकावर डोकं ठेवून करायची आणि तिथंच झोपी जायची.

बाबांनी शुक्रवारची रजा टाकली. त्यांच्यासारखा माणूस ताप असला तरी ड्युटीवर जायचा, म्हणून आईनं काळजीनं विचारलं, बरं नाही का.

"बरं हाय. घरी बसून पाहीन म्हनतो, कसं बुडते ते. दुपारी बाईले समोर बसवून विचारीन."

म्हणजे न बुडण्याचा साक्षीदार व्हायला त्यांनी सुट्टी घेतली होती. आईचं म्हणणं, हे म्हणजे मानल्यासारखंच झालं. तेही तिनं भांडी घासता घासता, स्वतःशी म्हटल्यासारखं म्हटलं.

शुक्रवारी सकाळी थंडी छान होती. शेजारच्या क्वार्टरमधल्या छत्तीसगढी काकींनी अंगणात खाट टाकून तिच्यावर कोहळ्याच्या बऱ्या वाळत घातल्या होत्या. बऱ्या म्हणजे आपले सांडगेच. मोठ्या आईनं कुंपणावरून त्यांना विचारलं, आज कशाला घालतेस, खाणार कोण? काकी हात न थांबवता म्हणाल्या, "मरबो त जम्मो झन संगे मरबो, दीदी. बरी ल त सुखान दे." मरू तर सगळे मिळून मरू, बऱ्या तर वाळू दे. मोठ्या आईला हे पटलं असावं, कारण तिनं कावळे हाकायला कुंपणाशी खुर्ची टाकली.

बाबा लुंगी-बनियनवर दाढी करत होते. मी ओट्यावर ऊन खात बसले होते. तेव्हा भोंगा झाला.

भिलाईत भोंग्याचं कुणाला नवल नाही. शिफ्टचा भोंगा वाजतो, त्यावर माणसं घड्याळ लावतात, शाळेची पोरं पळतात. तो एका सुरात वाजतो आणि थांबतो. हा तसा नव्हता. हा वर चढायचा, खाली यायचा, पुन्हा वर चढायचा. आणि थांबत नव्हता.

बाबा अर्ध्या गालाला साबण घेऊन बाहेर आले. मी त्यांचा असा चेहरा आधी कधी पाहिला नव्हता. रोजचे चिडके, थट्टेखोर बाबा त्यात नव्हतेच. त्यांनी अंगणात वाकून चिमूटभर माती घेतली आणि उंच उडवली, वारा पाहायला. वारा काकींच्या बाजूला होता. माती सगळी बऱ्यांवर गेली.

"ए दाई!" काकी ओरडल्या.

बाबांना ऐकूही गेलं नाही. त्यांनी तीन टॉवेल घंगाळात बुडवले, एक स्वतःला ठेवला, एक माझ्याकडे फेकला, एक आईकडे. कोणता गॅस ते कळेपर्यंत ओलं फडकं, असा त्यांचा नियम. "नाकातोंडाले लावा. गॅस बंद कर. मैदानाकडे चाला. पळू नोका, चाला. बोलू नोका."

आई काही न विचारता आत गेली, गॅस बंद केला आणि चप्पल घालून बाहेर आली. त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण बाबांचं म्हणणं तिनं एका झटक्यात ऐकलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

बाबा वर पाहून ओरडले, "साब, नीचे आइए! इमर्जेंसी सायरन है!"

साहेब चहाचा कप घेऊन बाल्कनीत आले. "अरे अंकल, कुछ नहीं होता. टेस्टिंग होगी."

"टेस्टिंग हो तो भी निकलना पड़ता है!"

"आप हो आइए," साहेब म्हणाले आणि आत वळून त्यांनी बायकोला सांगितलेलं आम्हाला स्पष्ट ऐकू आलं, अंकलनेही ग्रहाचं मनावर घेतलं वाटतं.

काकींनीही हलायला नकार दिला. त्यांना बऱ्यांवरची माती निवडायची होती. आणि मोठी आई खुर्चीतून उठलीच नाही.

"बाई, उठा!"

"अजून टाइम हाय, भाऊजी," ती म्हणाली. "दुपारी सांगतलं हाय टीव्हीवाल्यानं."

"अहो हा भोंगा हाय! गॅस असू शकते!"

"भोंगा तं रोजच वाजते. तुम्ही कावून एवढे भिऊन राहिले?"

माझे बाबा, जे ग्रहणात मुद्दाम जेवायचे, ते ओला टॉवेल तोंडाला लावून, अर्ध्या गालावर वाळलेला साबण घेऊन एका बाईला विनवत होते की थोडं तरी भ्या. आणि ती बाई, जी मरायला म्हणून गादी-मशीन घेऊन आली होती, ती अजिबात भ्यायला तयार नव्हती.

शेवटी आम्ही तिघं निघालो. कोपऱ्यापर्यंत गेलो असू, तर मागून मोठा आवाज आला. "मले एकटीले ठेवून तुम्ही वाचून राहिले का वो?" ती पदर खोचून, लगबगीनं येत होती. टॉवेल नव्हता म्हणून लोणच्याच्या बरणीवर बांधलेलं फडकं तिनं नाकाला लावलं होतं. त्या वासानं तिला शिंका सुटल्या होत्या.

मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती. बाबांनी त्यांनाही थांबवलं, वाऱ्याच्या आडव्या दिशेला जायला सांगितलं. पोरं म्हणाली, "अंकल, पिच पर मत खड़े रहो." आम्ही पिचवरून हटलो आणि कडेला उभे राहिलो. चौघं, तोंडाला ओली फडकी लावून. एक कुत्रं आमच्याजवळ येऊन बसलं. सबंध सेक्टरमध्ये बाबांचं तेवढ्याच जणांनी ऐकलं.

भोंगा थांबला. मग तो एका सुरात, लांब वाजला. बाबांनी टॉवेल खाली घेतला. "संपलं," ते म्हणाले, पण अजून वाऱ्याकडेच पाहत होते.

तेवढ्यात रस्त्यावरून त्यांच्याच खात्यातला एक तरुण स्कूटरवर आला. त्याची रात्रपाळी होऊन गेली होती आणि तो भाजी घेऊन घरी चालला होता. बाबांना तशा अवतारात पाहून त्यानं स्कूटर थांबवली आणि पाय जोडून उभं राहावं तसा उभा राहिला.

"सर, आप यहाँ? आज तो मॉक ड्रिल था ना. अपने ही डिपार्टमेंट का."

बाबांनी हातातला टॉवेल पिळला.

"कल नोटिस लगा था, सर. आप छुट्टी का बोलके जल्दी निकल गए थे…"

मैदानाच्या कडेला पिचवर फिरवायचा दगडी रोलर पडलेला होता. बाबा त्याच्यावर जाऊन बसले. त्यांनी हातानं गालावरचा साबण पुसला. तो वाळून पापुद्रे झाला होता. मला वाटलं, आता मोठी आई सोडणार नाही. सबंध आठवड्याचं उट्टं काढायला याहून चांगली वेळ तिला मिळाली नसती. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, एक शिंक दिली आणि म्हणाली, "चाला, भाऊजी. अर्धी दाढी राहिली तुमची."

घरी येईपर्यंत बाबा एकच वाक्य बोलले, आणि तेही कुणाला उद्देशून नव्हतं. "तरी निघाचं असते."

जेवणं झाली. मोठ्या आईनं आंघोळ करून तिची ठेवणीतली साडी नेसली, केस विंचरले आणि समोरच्या खोलीत खुर्चीवर बसली. टीव्ही लावायचा नाही असं बाबांनी आधी ठरवलं होतं. पण सकाळनंतर त्यांच्यात हुकूम द्यायचा जोर उरला नव्हता. टीव्ही आवाज बंद करून चालू होता. कोपऱ्यातलं घड्याळ उलटं धावत होतं.

बाबांनी अचानक विचारलं, "बाई, सकाळी तुम्ही भोंग्याले कावून नाई भ्याल्या?"

"लगन होऊन आली तेव्हापासून ऐकून राहिली. भोंगा तं घरचा हाय. घरच्या मानसाले कोन भेते?" मग तिनं उलट विचारलं, "आन् तुम्ही? तुम्ही टीव्हीले नाई भ्याले, भोंग्याले एवढे कावून भ्याले?"

बाबांनी थोडा विचार केला. "तो भोंगा वाजवनारा पोरगा माह्या हाताखाली शिकला. तो उगाच नाई वाजवत. टीव्हीवाल्याले मी ओळखत नाई."

"मी ओळखते," मोठी आई म्हणाली. "रोज संध्याकाळी बोलते ना तो माह्यासंग. घरी पोरगा ड्युटीवर, सून तिच्या खोलीत, लेकरं मोबाइलवर. तोच एक मानूस माह्या डोळ्यात पाहून बोलते. मंग तो सांगून राहिला की जग बुडनार, तं म्या काय खोटं म्हनू त्याले?"

आई स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली होती. मला वाटतं त्या दोघांनी जे एकमेकांना सांगितलं, त्यापेक्षा जास्त, माणूस कुणावर का विश्वास ठेवतो या प्रश्नाबद्दल, मला पुढे कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही. मी एम.एस्सी. होऊन शाळेत विज्ञान शिकवायला लागले, मुलांना पुरावा म्हणजे काय ते दरवर्षी फळ्यावर लिहून देते. पण पुरावा तपासत बसायला वेळ कुणाला असतो? आपण आधी सांगणाऱ्याचा चेहरा पाहतो, मग ठरवतो.

वेळ जवळ आली तशी मोठ्या आईची मान पुढे झुकायला लागली. आठवडाभराच्या काळजीनं तिची झोप नीट झाली नव्हती, वर सकाळची ती पायपीट. ठरलेल्या वेळेच्या थोडं आधी ती घोरायला लागली. बाबांना तिला समोर बसवून विचारायचं होतं, त्यासाठीच त्यांनी सुट्टी घेतली होती. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला, आणि उठून खिडकी लावून घेतली, तिला थंडी वाजू नये म्हणून. पडद्यावरचं घड्याळ शून्यावर आलं. मग तेलाची जाहिरात लागली.

चहाच्या वेळेला मोठी आई दचकून जागी झाली. खोलीभर पाहिलं, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.

"झालं का वो?"

"झालं," आई म्हणाली. "चहा घे."

तिनं चहा घेतला आणि मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक वेगळीच चिंता उमटायला लागली. कॅम्प वनमधून निघताना तिनं काय काय केलं होतं ते आता एकेक बाहेर आलं. शेजारणींना चांगल्या साड्या वाटल्या होत्या. मिक्सर समोरच्या म्हातारीला दिला होता. नळावरच्या जुन्या भांडणातल्या बाईला घरी बोलावून खीर खाऊ घातली होती. एवढं सगळं बाबांनी नीट ऐकून घेतलं, मध्ये हसले नाहीत.

"साड्या मांगता येतीन, बाई. पुढच्या सुट्टीले मी येतो संग."

"साड्यांचं नाई काही, भाऊजी." तिनं कप खाली ठेवला. "म्या निंगतानी सुनेले म्हटलं, बाई, तुह्या हातची भाजी माह्यापेक्षा चांगली होते. मरतानी खरं बोलाव म्हटलं."

आई मटकन खाली बसली. यावर काय इलाज करणार?

बाबांनी पुढच्या सुट्टीला तिला स्कूटरवर कॅम्प वनला पोचवलं. मशीन मागाहून ऑटोनं गेलं. साड्या परत आल्या, एक सोडून. ती एकीनं लग्नात नेसून तिच्यावर आमरस सांडवला होता, असं ती शेजारीण सांगायची. हिवाळ्यात आमरस कुठून आला, हे तिला विचारायची मोठ्या आईला हिंमत झाली नाही. मिक्सरही आला. शब्द मात्र आला नाही. सुनेनं त्या दिवसापासून स्वयंपाकघर पूर्ण ताब्यात घेतलं. कुणी पाहुणा जेवायला बसला की ती वाढता वाढता सांगायची, "आईच म्हनतात." मोठी आई तोंडात घास घेऊन मान हलवायची. पण त्यानंतर संध्याकाळी सून तिच्याजवळ येऊन बसायला लागली, काय शिजवायचं ते विचारायला. त्या वेळेला टीव्हीवाल्याचा नवा कार्यक्रम आपोआप बुडायला लागला.

वरच्या साहेबांनी बाबांना बरेच दिवस "प्लॅनेट वाले अंकल" म्हणून हाक मारली. बाबांना ते फार लागलं. ग्रहाला सगळ्यांत जास्त हसलेले ते, आणि नाव त्यांनाच पडलं. काकींना मात्र त्यांनी स्वतः जाऊन सॉरी म्हटलं. काकींनी त्याच बऱ्या धुऊन, पुन्हा वाळवून आमच्याकडे वाडगाभर पाठवल्या. जेवताना दाताखाली माती कचकचली की बाबा न बोलता गिळायचे.

पुढे बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, आम्ही भिलाईतच खुर्सीपारच्या बाजूला छोटं घर बांधलं. मधल्या काळात खऱ्या-खोट्या कितीतरी सूचना येऊन गेल्या. महामारी आली तेव्हा बाबांनी पहिल्याच दिवशी मास्क लावला, कारण त्यांना ओळखीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. मोठी आई लावायची नाही, कारण लावा म्हणून सांगणारा मंत्री तिच्या ओळखीचा नव्हता. मग सुनेनं लावायला सांगितलं तर तिनं लावला.

आता माझ्या शाळेत पृथ्वी तापते आहे हा धडा आहे. मागच्या वर्षी उन्हाळ्यात मोठी आई आली होती तेव्हा मी तिला तो समजावून सांगितला. धूर, हवा, बर्फ, समुद्र, सगळं. तिनं अगदी लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "तारीख काय म्हनते?"

"तारीख नाही त्याला, मोठी आई. हळूहळू होणार. होतंच आहे."

तिचा चेहरा पडला. "तारीख नाई तं मानसानं तयारी कोन्या दिवसाची कराव?"

बाबा कूलरसमोर बसले होते. ते म्हणाले, मी तर मानतो, पोरगी शिकलेली आहे, खोटं बोलणार नाही. मी खूश झाले. मग ते म्हणाले, "पन मले हे सांग, निघाचं कोन्या बाजूनं?" आणि मला तेही सांगता आलं नाही. विज्ञानाची शिक्षिका म्हणून ती दुपार काही माझी चांगली गेली नाही.

यंदाच्या मे महिन्यात तर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. नगर निगमची गाडी भोंगे लावून गल्लीगल्लीतून ओरडत फिरायची, लू चलेगी, दोपहर में घर से न निकलें. आम्ही पडदे ओढून, खाली फरशीवर पाणी मारून पडलो होतो. ऐन दुपारी दारावर जोरात थाप पडली. बाबांनी दार उघडलं तर बाहेर मोठी आई. डोक्याला ओला पंचा, चेहरा लालबुंद, मागे ऑटोवाला घाम पुसत उभा.

आईनं तिला धरून आत आणलं, फरशीवर निजवलं. मी कैरीचं पन्हं करून आणलं. पेलाभर पोटात गेल्यावर तिला बोलता आलं.

"बाहेर निंगू नोका म्हनून राहिले दुपारचं. मरते म्हने मानूस. तुमाले सांगाले आली."

बाबा कपाळाला हात लावून बसले. "अहो बाई, सांगाले तुम्ही दुपारच्याच निंगाल्या? फोन नाई करता येत?"

"फोनवर तुम्ही सारे हासता," ती डोळे मिटून म्हणाली. "समोर आल्यावर ऐका लागते."

बाबांनी पंख्याचं बटन फिरवलं, तिच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "बरं. ऐकलं. नाई निघत आम्ही. आता तुम्हीही संध्याकाळपर्यंत उठाचं नाई."

ती लगेच उठून बसली. "आन् त्या ऑटोवाल्याले पन्हं कोन देईन? तो बिचारा उन्हात उभा हाय ना."